ग्रंथातला खदिर आणि कातकऱ्यांचा खैर

ज्ञान कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजव्यवस्थेने फार पूर्वी निकालात काढला आहे. ग्रंथात आले ते शास्त्र. श्रमणाऱ्याच्या हातात राहिली ती जडीबुटी. साहित्याच्या क्षेत्रात दलित लेखकांनी ही विभागणी नाकारली. जैवविविधतेच्या कायद्यातून मात्र ती गुपचूप परत आली आहे आणि आपल्या चळवळीचे तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कायदा हाही एक मजकूरच असतो. साहित्यकृतीला विचारतो तेच त्यालाही विचारले पाहिजे : यात कोण बोलतो आणि कोणाला बोलू दिले जात नाही?

हळदीची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. लढा न्याय्यच होता. पण तो जिंकला छापील पुराव्यावर. परदेशातला केवळ वापर किंवा तोंडी ज्ञान अमेरिकेचा तेव्हाचा कायदा पुरावा मानीत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर हळद दाबणाऱ्या बाईची साक्ष तिथे चालली नसती. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा सरकारी संग्रह सुरू झाला, तोही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतून.

तोंडी परंपरेवर आपला समाज विश्वासच ठेवीत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. खालापूर तालुक्यात साजगावला कार्तिकी एकादशीची विठोबाची मोठी जत्रा भरते. तुकोबा इथे मिरची विकायला येत, ही कथा पंचक्रोशीत सगळे मानतात. तिला कागदाचा आधार कोणी मागत नाही, आणि मागूही नये. मग त्याच साजगावच्या भोवतालच्या वाडीतली म्हातारी एखाद्या मुळीचा गुण सांगते, तेव्हाच आपल्याला कागद का आठवतो?

कर्जत-खालापूरच्या कातकऱ्यांचे उदाहरण घेऊ. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. जमातीच्या नावातच तिची विद्या आहे. कोणता खैर तोडायचा, गाभा किती शिजवायचा, हे या माणसांनी शाळेविना जपले. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी त्यांच्या हातून जंगल काढून घेतले. जंगलखात्याने रानावर जगणाऱ्या गरिबांचा आधार कसा तोडला, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येच दाखवून दिले होते. कात काढणारे हात पुढे कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर राबू लागले. हाच खैर चरकाच्या ग्रंथात ‘खदिर’ म्हणून आहे, आणि तिथे तो सुरक्षित आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पती व तिचे ज्ञान यांचा व्यापारी वापर करणाऱ्याने स्थानिक लोकांना लाभाचा वाटा द्यावा, हे तत्त्व मान्य केले. २०२३ च्या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ त्यातून वगळले. संहिताबद्ध म्हणजे १९४० च्या औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील अधिकृत ग्रंथांतले. म्हणजे खैराचा गुण आम्ही ग्रंथातून घेतला, एवढे म्हटले की त्या ज्ञानापोटी कातकऱ्याचे देणे उरत नाही. त्याने लिहिले नाही म्हणून त्याच्याकडे पुरावा नाही, आणि दुसऱ्याने लिहिले म्हणून त्याला वाटा नाही.

ही दुरुस्ती लोकसभेने २५ जुलै २०२३ रोजी मंजूर केली. त्याआधी सहाच दिवस, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे मिळालीच नाहीत. ती ठाकरांची वाडी होती. रानाचे ज्ञान माणसांत असते आणि माणसांबरोबर जाते. माणसे वाचवण्याचा विचार नसेल, तर ज्ञानसंरक्षण हा पोकळ शब्द आहे.

कोणी म्हणेल, गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची तरतूद आहे. आहे. पण ती करणारी समिती ग्रामपंचायतीची आणि वाडी पंचायतीच्या कडेला. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा इथे लागू नाही. वाडीचे ज्ञान लिहायला बसणार गावच, आणि काय गाळायचे हेही गावच ठरवणार.

तरीही मौखिकतेचा गौरव करून थांबणे मला मान्य नाही. मी घरातला पहिला पदवीधर आहे. लेखणीचे मोल मला कोणी सांगायला नको. ‘आदिवासी ज्ञान’ म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि त्याच्या पोराला रानातच ठेवायचे, ही शहरी रसिकता आपल्या कामाची नाही. वाडीवरचा विद्यार्थी परीक्षेत झाडाचे शास्त्रीय नाव लिहितो तेव्हा त्याला गुण मिळतात. आजीने सांगितलेल्या नावाला आणि उपयोगाला मिळत नाहीत. शिक्षकांनी हे आपल्यापासून बदलावे. नोंद त्या मुलामुलींनीच करावी, आपल्या बोलीत, सांगणाऱ्याच्या संमतीने. काय सांगायचे नाही, हेही वाडीने ठरवावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट)ने जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. आपण जमिनीचे दावे भरतो, ते भरलेच पाहिजेत. त्यांच्यासोबत हा दावाही भरावा. त्यात खैर लिहावा, कात लिहावा, आणि तो कोणी काढला तेही लिहावे.