कल्पित राष्ट्राची रायफल : घडण आणि नाम

कल्पित राष्ट्राची भाषा, नाणी, ध्वज यांच्या रचनेची चर्चा समीक्षेत अधूनमधून आढळते. परंतु त्या राष्ट्राच्या शिपायाच्या खांद्यावरील जुनी रायफल बहुधा उपेक्षितच राहते. माउझरचा बोल्ट, ली-एनफील्डची दहा काडतुसांची पेटी आणि वर एखादा विश्वसनीय वाटणारा सन, एवढ्यावर रचनाकाराचे समाधान होते. असे शस्त्र चित्रात शोभते. मात्र ते निर्दोष असते, आणि निर्दोषपणा हाच त्याचा दोष होय. खजिना, घाई आणि कोठारातील जुना माल या तिहींच्या ओढाताणीतून लष्करी रायफल जन्मास येते.

फ्रान्सची १८८६ ची लबेल रायफल पाहावी. धूरविरहित दारू वापरणारी ही पहिली लष्करी रायफल. प्रतिस्पर्ध्यांच्या आधी ती हाती यावी म्हणून जुन्या ११ मिलिमीटर ग्रा काडतुसाचेच तोंड आवळून ८ मिलिमीटरचे काडतूस सिद्ध करण्यात आले. रुंद कडेचे व निमुळते असे हे काडतूस पेटीत नीट रचले जाईना, आणि १९२९ चे नवे काडतूस येईपर्यंत फ्रेंच रचनाकारांना ते छळत राहिले. कल्पित रायफलीस असा एखादा पिढीजात व्यंगाचा वारसा दिल्याखेरीज तिच्यामागे राष्ट्र उभे आहे असे वाटणार नाही.

नामाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘ली-मेटफर्ड’ या १८८८ च्या समासातील दोन्ही पदे व्यक्तिवाचक. कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा झिजू लागल्या, १८९५ मध्ये एनफील्ड येथील खोल खाचा स्वीकारल्या गेल्या, आणि उत्तरपदी व्यक्तीच्या जागी गाव आले. रशियाच्या १८९१ च्या रायफलीच्या अधिकृत नामात मोसिनचे नावच नव्हते; ती होती ‘तीन रेषांची’, कारण तेथे इंचाच्या दशांशास रेषा म्हणत. तिच्या नेमपट्टीवरील अंतरेही अर्शिनांत कोरलेली असत. १९३० च्या सुधारित नमुन्यात तेथे मीटर आले. तथापि सोव्हिएत राज्याने झारचा सन पुसला नाही, त्यापुढे आपला जोडला : १८९१/३०. जपानने १९०५ च्या रायफलीस मेजी कारकीर्दीच्या वर्षावरून ‘३८’ हा क्रमांक दिला. १९३९ च्या रायफलीस मात्र जिम्मूपासून मोजलेल्या २५९९ या वर्षावरून ‘९९’. दोन अंकांतील हा कालगणनेचा पालट त्या राष्ट्राच्या बदललेल्या आत्मप्रतिमेविषयी बरेच सांगून जातो. (आपल्याकडे अरबीतून आलेली बंदूक, फारसी संगीन, पोर्तुगीज काडतूस आणि इंग्रजी रायफल एकाच शिपायाच्या अंगावर नांदतात, हेही येथे आठवावे.)

लहान राज्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : त्यांची रायफल प्रायः परदेशी कारखान्यात घडते. सर्बियाने १८८० च्या सुमारास ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याकडून १०.१५ मिलिमीटरची रायफल घेतली, पण कोस्ता ऊर्फ कोका मिलोव्हानोविच या अधिकाऱ्याने नळीच्या खाचा आपल्या मताप्रमाणे बदलवून घेतल्या. एवढ्या फेरफारावर शिपायांनी तिला ‘कोकिन्का’ म्हटले. पुढे १९०७ च्या नमुन्यानुसार त्यांपैकी अनेक रायफलींस क्रागुयेव्हाट्स येथे ७ मिलिमीटरच्या नळ्या बसविल्या गेल्या. नव्या खरेदीपेक्षा जुन्यास ठिगळ लावणे स्वस्त, हा न्याय येथेही दिसतो.

एर्जे या बेल्जियन चित्रकथाकाराने १९३८-३९ मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘राजा ओटोकारचा राजदंड’ या टिनटिनकथेतील सिल्डाव्हिया हे असेच लहान बाल्कन राज्य. त्याची भाषा ब्रुसेल्सच्या मारोली बोलीवर स्लाव्ह पेहराव चढवून घडविलेली आहे, आणि तिच्यामागे कथेतील माहितीपत्रकात दिलेला इतिहासही आहे. आमच्या मते अँथनी होपच्या १८९४ च्या रुरिटेनियापेक्षा हे राज्य अधिक टिकाऊ ठरते, ते या दुपदरी भाषेमुळे. तिच्या शिपायाची रायफल रचावयाची झाल्यास ऑस्ट्रियातून वा बेल्जियमच्या लिएजमधून मागविलेली, एखाद्या स्थानिक अधिकाऱ्याने किंचित बिघडविलेली, अशीच ती असावी. राहिले शिपायांचे लाडके नाव. रशियन ‘मोसिनका’ आणि सर्बियन ‘कोकिन्का’ यांतील ‘-का’ स्लाव्ह आहे. ब्रुसेल्सच्या बोलीत लघुत्वदर्शक प्रत्यय ‘-के’. त्या कल्पित अधिकाऱ्याच्या नावास ‘-के’ जोडल्यास वरून बाल्कन आणि आतून ब्रुसेल्सचे, असे अस्सल सिल्डाव्हियन नाम सिद्ध होईल.