'स्मृतिचित्रे'तला आनंद

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्थानके मागे टाकून वैनगंगा ओलांडते आणि गोंदियावरून राजनांदगावला पोचते. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक याच वाटेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' अशा अर्थाचे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. वाङ्मयेतिहासात हा प्रवास टिळकांच्या आयुष्याची कलाटणी म्हणून नोंदला जातो. भंडाऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला मात्र या प्रवासाची किंमत जिने मोजली तिच्याविषयी अधिक कुतूहल वाटत आले आहे. ती म्हणजे लक्ष्मीबाई.

या कुतूहलाला एक निमित्त घडले. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे आमच्या शहरातल्या रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. पुढच्या काही महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली. त्या वर्षीच्या नाताळात उपदेशाचा विषय नेहमीप्रमाणे 'आनंद' होता आणि मला तो ऐकवेना. पौलाने फिलिप्पैकरांना आनंदाचे पत्र लिहिले ते कैदेत असताना, हे मला ठाऊक होते. तरीही ज्या गावात दहा पाळणे रिकामे झाले तिथे हा शब्द कोणत्या तोंडाने उच्चारायचा, हा प्रश्न सुटत नव्हता. घरी येऊन मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतले. या लेखातला विचार त्या वाचनातून आलेला आहे.

ख्रिस्ती मंडळ्यांत 'साक्ष' नावाचा एक कथनप्रकार रूढ आहे. माणूस उभा राहतो आणि आपला पालट कसा झाला ते सांगतो. आधी अंधार होता, मग प्रभू भेटला, आता उजेड आहे, असा त्याचा ठरीव घाट असतो. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेली साक्ष हा या प्रकारातला आपल्याकडचा फार मोलाचा नमुना. त्यांनीही हा घाट जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. बाप्तिस्मा १८८३चा, पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो पुढे काही वर्षांनी मिळाला, असे त्या प्रांजळपणे सांगतात. तरीही त्यांच्या कथनात आनंदाची एक जागा ठरलेली आहे. तो शोधाच्या शेवटी येतो.

टिळकांच्या कवितेत हाच आनंद भक्तीच्या भाषेत येतो. वारकरी संतांच्या अभंगाने त्यांना ख्रिस्ताशी बोलण्याची बोली दिली. परकीय चालींवर मराठी शब्द बसवलेल्या उपासनेला त्यांनी देशी सूर दिला, हे त्यांचे कार्य थोरच. पण अभंगातला आनंद हा भेटीच्या क्षणाचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना त्याचे काय होते, हे सांगणे अभंगाचे काम नव्हे. ते काम लक्ष्मीबाईंच्या गद्याने केले.

'स्मृतिचित्रे' १९३४पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळकांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईच्या विनोदाचे आपल्या समीक्षेने भरभरून कौतुक केले आहे. 'सहज', 'निर्मळ', 'भाबडा' ही विशेषणे त्याला कायमची चिकटली. माझा आक्षेप शेवटच्या विशेषणाला आहे. या विनोदाला भाबडा म्हटले की त्यामागची श्रद्धा आणि त्यामागचा निर्णय दोन्ही नजरेआड होतात.

आता पुस्तकाची रचना पाहावी. धर्मांतराआधीचे बालपण हा साक्षीच्या घाटात 'अंधार' ठरला असता. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरातल्या बायकांचे जिणे कठीण झाले होते, म्हणजे अंधार रंगवायला सामग्रीही होती. लक्ष्मीबाई तो जाच लपवत नाहीत, आणि त्या घरात पिकलेले हसूही लपवत नाहीत. उलट बाप्तिस्म्यानंतरचे दिवस हे 'उजेडा'चे. पण त्यांत पैशाची ओढाताण आहे, रोगाच्या साथी आहेत, टिळकांचा तापट आणि उधळा स्वभाव आहे. रडू आणि हसू दोन्ही काळांत सारखेच वाटलेले आहे, आणि सांगणारा आवाज आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे. म्हणजे या लेखिकेने आनंदाला 'आधी' आणि 'नंतर'च्या वाटणीतून मोकळे केले. दुःख संपले की आनंद सुरू होतो, असे तिचे पुस्तक कुठेही म्हणत नाही. माझ्या मते त्यातल्या ख्रिस्ती आनंदाचे मर्म इथेच आहे.

याची कसोटी ताटातुटीच्या प्रकरणांत लागते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. चार-पाच वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या. याच काळात त्यांना कविता सुचू लागली. नगरला आल्यावरही काही दिवस सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या आणि १९००च्या सुमारास स्वतः ख्रिस्ती झाल्या. हे लिहिताना त्या वृद्ध, श्रद्धावान ख्रिस्ती बाई आहेत. 'यात देवाची योजना होती' असे म्हणून जुन्या जखमेवर पट्टी बांधणे त्यांना सोपे होते. तसे त्या करत नाहीत. त्या दिवसांतला धर्मांतराविषयीचा तिटकारा, नवऱ्यावरचा राग, लोकांच्या बोलण्याचे काटे हे सारे त्या वेळी जसे होते तसेच पानावर राहते. त्यामुळे पुढे येणारे हसू विश्वासार्ह वाटते. राग गिळून आलेल्या हसण्याची वाचकाला शंका येते. राग पुरता सांगून झाल्यावर आलेले हसू क्षमेसारखे असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. बाईने सोसायचे आणि सोसून वर हसायचे, हेच तर आपल्या समाजाला हवे असते. मग या विनोदाने टिळकांच्या वागण्यावर पांघरूण घातले नाही काय? मला वाटते, काही ठिकाणी घातले आहे. घरात उद्याचे धान्य नसताना हातचे देऊन टाकणारा नवरा कवी म्हणून शोभतो. त्या धान्याची तजवीज कोणी केली, हे लक्ष्मीबाई सांगतात आणि लगेच पुढच्या गमतीकडे वळतात. तिथे थोडे थांबायला हवे होते, असे आजच्या वाचकाला वाटेल. पण सांगायचे त्यांनी टाळलेले नाही. हिशेब वहीत पूर्ण आहे, फक्त वसुली केलेली नाही.

आणखी एक गोष्ट. हा आनंद एकटीचा नाही. टिळकांच्या घरी अनाथ, पाहुणे, विद्यार्थी यांची वर्दळ असे. लक्ष्मीबाईंची पहिली मुले हाती लागली नव्हती, आणि पुढे त्यांनी दुसऱ्यांची मुले आपली म्हणून वाढवली. रमाबाईंच्या आयुष्यातही हेच दिसते. दुष्काळी भटकंतीत आईवडील गमावलेली ही बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात, म्हणजे आपला भंडारा जिल्हा तेव्हा ज्या प्रांतात होता तिथे, आली आणि शेकडो अनाथ मुली घेऊन परतली. त्यांच्यासाठी केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. तरी मराठी बायबलचे काम रमाबाईंनी सोडले नाही, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. दोघींच्या आनंदाचा पुरावा त्यांच्या चेहऱ्यावर शोधण्यापेक्षा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ताटांच्या संख्येत शोधावा.

त्या नाताळात मला उपदेश का ऐकवला नाही, ते आता कळते. तो साक्षीच्या घाटातला होता. अंधार सरला, असे त्यात गृहीत होते, आणि आमच्या गावात तो सरलेला नव्हता. लक्ष्मीबाई तसे काही मागत नाहीत. त्यांच्या पुस्तकात गेलेले मूल गेलेलेच राहते, त्याच्याविषयीचे रडू खरे राहते, आणि तरी दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाला जेवायला वाढले जाते. वाढताना काहीतरी गंमत घडते, आणि ती त्या सांगतात. रिकाम्या पाळण्यांच्या गावात आनंद हा शब्द उच्चारायचा असेल, तर याच क्रमाने उच्चारता येईल. मी तरी आता तो तसाच उच्चारतो.