डासांवरचे घरगुती उपाय : यादीत काय नाही?

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्या, आरोग्यविषयक पुस्तिका आणि शाळांचे भित्तिफलक यांवर एक यादी दिसू लागते. मथळा थोडाफार बदलतो, मजकूर तोच असतो. लिंबाच्या फोडीत लवंगा टोचून ठेवा, खोलीत कापूर जाळा, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा, दारात तुळस आणि झेंडू लावा, लसणाचे पाणी शिंपडा, अंगाला कडुलिंबाचे तेल चोळा. विज्ञान प्रदर्शनात याच यादीचा तक्ता होतो आणि पुष्कळदा त्याला बक्षीसही मिळते. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या यादीचे परीक्षण करावे, असे आम्हाला वाटते. कारण वर्षानुवर्षे एवढ्या विश्वासाने वाचला जाणारा आरोग्यविषयक मजकूर दुसरा क्वचितच सापडेल.

यादीच्या बाजूने प्रथम बोलले पाहिजे. हे उपाय स्वस्त आहेत, हाताशी आहेत, आणि त्यांच्यामागे पिढ्यांचे निरीक्षण आहे. अशा निरीक्षणातून मोठी औषधे मिळालेली आहेत. हिवतापावरचे क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीतून आले. चीनमधील संशोधिका तू यूयू यांनी १९७०च्या दशकात जुन्या ग्रंथातील एका उल्लेखावरून पारंपरिक वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन मिळवले आणि त्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे काम नीट पाहिले तर परंपरेने त्यांना प्रश्न पुरवला असे दिसते. उत्तर प्रयोगशाळेतील अनेक अपयशी प्रयत्नांनंतर मिळाले. आमची तक्रार एवढीच, की आपली यादी प्रश्नाच्या पायरीवरून थेट 'रामबाण' या शब्दावर उडी मारते.

कोणता डास?

यादी तपासायला एक प्रत्यक्ष ठिकाण घेऊ. पिंपरी-चिंचवडमधील काळेवाडी हे पवना नदीच्या काठचे, कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांचे दाट वस्तीचे उपनगर. येथे डासांची दोन वेगवेगळी 'पाणी' शेजारी शेजारी नांदतात.

पहिले पाणी नदीचे. शहरातून वाहताना पवनेत सांडपाणी मिसळते, त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत प्रवाह मंद असताना तिचे हिरवे आच्छादन पसरते. घाण, साचलेल्या पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. तो रात्री चावतो, आणि हत्तीरोगाचा प्रसार हाच डास करतो. मॅन्सोनिया नावाच्या डासाची अळी तर जलपर्णीसारख्या वनस्पतींच्या मुळांत आपली श्वासनळी खुपसून तेथूनच हवा घेते.

दुसरे पाणी घरातले आणि स्वच्छ. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला आणि ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली. पाणी एक दिवस येणार नाही म्हटल्यावर पिंप, टाक्या, कळशा भरून ठेवणे आलेच. अशा स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात एडिस इजिप्ती हा पायांवर पांढरे पट्टे असलेला डास वाढतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका यांचे विषाणू तोच पसरवतो. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यात, बेलसर येथे आढळला होता.

एडिस दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे आणि संध्याकाळी अंधारण्यापूर्वीचे काही तास त्याचे विशेष. आता यादी पुन्हा वाचा. 'संध्याकाळी दारे-खिडक्या लावून कापूर जाळा', 'झोपण्यापूर्वी तेल लावा', असे तिचे वेळापत्रक असते. म्हणजे ती रात्रीच्या डासासाठी लिहिलेली आहे. काळेवाडीत रात्रपाळी करून सकाळी घरी येणारा कामगार दिवसा झोपतो, नेमका एडिसच्या वेळेत. त्याच्यासाठी या यादीत एकही ओळ नाही. डास रात्री चावतात असे मानणारे घर त्याच्यावर दिवसा मच्छरदाणीही लावत नाही.

किती वेळ, आणि कशाशी तुलना करून?

डासाची मादी आपल्याला शोधते ती उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची उष्णता आणि त्वचेचा गंध यांवरून. एखाद्या तेलाच्या वासाने हे संकेत काही काळ झाकोळू शकतात, त्यामुळे सुगंधी तेलांचा उपयोग होतो हे म्हणणे मुळात खोटे नाही. प्रश्न कालावधीचा आहे. २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन'मध्ये एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५ स्वयंसेवकांनी वेगवेगळी द्रव्ये हाताला लावून तो हात एडिस डासांच्या पिंजऱ्यात घातला. सुमारे २४ टक्के 'डीट' हे रासायनिक द्रव्य असलेल्या मलमाने पाच तासांच्या आसपास संरक्षण दिले. गवती चहाच्या जवळच्या नात्यातील सिट्रोनेला गवताचे तेल असलेली उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत. हातात घालायचे सुगंधी पट्टे जवळजवळ निरुपयोगी ठरले. वाष्पनशील तेल उडून जाते. त्याचा वास लवकर दरवळतो त्याचे आणि तो लवकर संपतो त्याचे कारण एकच आहे.

सगळी वनस्पतिजन्य द्रव्ये मात्र अशी नाहीत. कडुलिंबाबाबत भारतातच काम झाले. खोबरेल तेलात २ टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून लावल्यास हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस डासांपासून रात्रभर संरक्षण मिळते, असा निष्कर्ष भारतीय संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. तो अ‍ॅनोफिलिससाठी होता, एडिससाठी नव्हे, हे यादीत कधीच लिहिलेले नसते. लिंबासारखा वास असलेल्या निलगिरीच्या एका जातीपासून मिळणारे पीएमडी हे द्रव्यही कित्येक तास टिकते. पण औषधांच्या दुकानात सर्दीसाठी मिळणारे निलगिरीचे तेल वेगळ्या जातीचे आणि वेगळ्या घटकाचे असते. यादीत दोहोंना 'निलगिरी' एवढेच म्हटलेले असते. अचूक नाव हा शास्त्रातील शिष्टाचार नव्हे, त्यावर परिणाम अवलंबून असतो, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

तुळस, झेंडू यांच्या कुंड्यांबद्दल अपेक्षा आणखी कमी ठेवावी. तेल पानांतील ग्रंथींत बंद असते. पान चुरडल्याशिवाय ते फारसे बाहेर येत नाही. 'सिट्रोसा' या नावाने डासविरोधी म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडाची १९९०च्या दशकात उत्तर अमेरिकेत चाचणी झाली. झाडाने संरक्षण तर दिले नाहीच, उलट डास त्याच्या पानांवर विसावलेले दिसले. आपल्याकडे कुंडीखाली पाणी धरणारी ताटली असते, आणि त्या ताटलीत एडिसची अंडी असू शकतात. डास पळवायला आणलेली कुंडी डासांचे पाळणाघर होते. लसूण खाण्याचीही अमेरिकेत तपासणी झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लसूण खाणाऱ्यांना डास कमी चावले नाहीत.

मग 'आमच्या घरी कापराने फरक पडतो' असे अनेकजण मनापासून सांगतात, ते कसे? येथे सूचना पुन्हा वाचावी : 'दारे-खिडक्या बंद करून कापूर जाळा.' डास आत शिरण्याच्या नेमक्या वेळी खिडक्या बंद झाल्या. मग फरक कापराने पडला की खिडकीने? दोन सारख्या खोल्या, दोन्ही बंद, एकीत कापूर आणि दुसरीत काही नाही, अशी तुलना केल्याशिवाय हे कळणार नाही. नियंत्रित तुलना ही कल्पना आठवीच्या मुलालाही यातून समजते. यादीत तिचा मागमूस नसतो.

'नैसर्गिक' म्हणजे काय?

यादीचा सर्वात वजनदार शब्द 'नैसर्गिक' हाच. तोच सर्वात कमी तपासलेला आहे. पूजेचा कापूर बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. उलट, जिला आपण 'रासायनिक' म्हणून नावे ठेवतो ती डासांची उदबत्ती जन्मतः नैसर्गिक होती. जपानमधील उएयामा एइइचिरो यांनी १८९०च्या सुमारास ती शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांच्या भुकटीपासून बनवली. आजची कीटकनाशके त्या फुलांतील द्रव्यांचीच कृत्रिम भावंडे आहेत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही गृहीतच. कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येऊ शकतात. कडुलिंबाचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. धुराचे तर सांगायलाच नको. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डासांची एक उदबत्ती जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे मोजमाप आले. कडुलिंबाचा पाला किंवा गोवरी जाळली तरी धूर हा धूरच. एका खोलीच्या घरात, दारे लावून, दम्याच्या मुलाशेजारी तो करायला सांगणे ही किरकोळ चूक नाही.

कोणती अवस्था?

यादीतील सर्वात मोठी उणीव ही. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक उपाय उडत्या डासासाठी आहे. डासाच्या आयुष्यातील अंडे, अळी आणि कोष या तीन अवस्था पाण्याशी बांधलेल्या असतात आणि तेथे तो पळून जाऊ शकत नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी चढले की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. शिवाय एडिस बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतो. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुतेक वेळा आपल्याच चाळीत, आपल्याच इमारतीत जन्मलेला असतो.

यातून निघणारे उपाय खरे 'घरगुती' आहेत. आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामे करून आतल्या भिंती काथ्याने घासाव्यात, कारण नुसते पाणी ओतल्याने अंडी जात नाहीत. पिंपाच्या तोंडाला धुतलेले घट्ट विणीचे फडके बांधावे. कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, फ्रिजमागचा ट्रे पाहावा. आरोग्य विभाग याला 'कोरडा दिवस' म्हणतो. रिकामी न करता येणाऱ्या मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडावेत. नदी-ओढ्यांत मात्र सोडू नयेत, तेथील मूळच्या जीवांना ते त्रासदायक ठरतात. झोपताना, दिवसासुद्धा, मच्छरदाणी आणि पंखा असावा; पंख्याच्या झोतात दुबळ्या पंखांच्या डासाला उडणे कठीण जाते. यात सुगंध नाही, गुपित नाही, म्हणून बहुधा यादीत जागा नाही.

आणि काही गोष्टी घरगुती नाहीतच. पवनेतील जलपर्णी कोणा गृहिणीच्या लवंग-लिंबाने हटणार नाही. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे आणि जलपर्णी वेळेवर काढणे हे महापालिकेचे काम आहे. दिवसाआड पाणी आल्याने भरलेली पिंपे हा काही घराचा आळस नव्हे. घरगुती उपायांचीच यादी वाचून वाढलेले मूल आजाराचा सगळा दोष घरावर, विशेषतः आईवर टाकायला शिकते. उपायांची विभागणी घर, वस्ती आणि महापालिका अशी करून मुलांपुढे मांडली, तर नागरिकशास्त्राचा एक पाठही त्यातच होईल.

शाळेत काय करता येईल?

डासांना हात चावू देण्याचे प्रयोग शाळेने मुळीच करू नयेत. मोजणी मात्र जरूर करावी. घरच्यांच्या परवानगीने मुलांनी आपापल्या घरातील पाण्याची भांडी विजेरीने तपासावीत आणि अळ्या आहेत-नाहीत एवढीच नोंद करावी. तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा 'घर निर्देशांक' आरोग्य कर्मचारीही काढतात. झाकलेली, अर्धवट झाकलेली आणि उघडी भांडी असे तीन गट केले की तुलना आपोआप उभी राहते. चार आठवडे कोरडा दिवस पाळून पुन्हा मोजावे. अळ्या आरशासारख्या स्वच्छ बरणीत पाहाव्यात : क्युलेक्स आणि एडिसची अळी पृष्ठभागाला तिरकी लोंबते, अ‍ॅनोफिलिसची समांतर राहते. बरणीला घट्ट फडके बांधलेले असावे आणि कोष दिसताच पाणी कोरड्या मातीत ओतून द्यावे.

भित्तिफलकावरची जुनी यादी फाडून टाकण्याची गरज नाही. तिच्या उजवीकडे चार रिकामे रकाने आखावेत : कोणता डास, कोणती अवस्था, किती वेळ, कशाशी तुलना करून. मुलांना ते भरायला सांगावे. बरेच रकाने रिकामे राहतील, आणि ते तसेच फलकावर राहू द्यावेत. प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही बक्षीस देण्यापूर्वी त्या रकान्यांकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे.