हा ठेका कोणाचा?

जून लागला की पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकामाची घाई सुरू होते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, कुठल्याही गावातल्या शेडमध्ये डोकावा, मोबाइलला जोडलेला स्पीकर दिवसभर वाजतच असतो. सकाळी भजनं, मग जुनी हिंदी गाणी. दुपारी जेवणं झाली, हात जड पडायला लागले की कोणीतरी ‘नॉनस्टॉप’ लावतं. एका कोळीगीतातून दुसऱ्यात, तिथून आगरी हळदीच्या गाण्यात शिरणारं, पाऊण तास कुठेही न थांबणारं मिक्स. अशाच एका शेडमध्ये उभा राहून मी दोन गोष्टी विचारल्या. समोरच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणाची? ताबडतोब उत्तर आलं: कारागिराचं नाव, गाव, आधी तो कोणाकडे शिकला, सगळं. आणि हे जे वाजतंय, ते कोणी केलंय? “डीजेचं आहे.” कुठल्या डीजेचं? ऑक्टापॅड कोणी वाजवलाय? कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असायला हवं असंही कोणाला वाटलेलं दिसलं नाही.

रायगड जिल्ह्यातल्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताबद्दल लिहायचं तर मला या फरकापासूनच सुरुवात करावी लागते. इथे हे संगीत भरपूर आहे. ते ऐकणारे आहेत, त्यावर रात्र रात्र नाचणारे आहेत, त्याला पैसा आहे. फक्त त्याच्यावर नाव नाही.

माझ्या ओळखीत टेक्नोचं वेड असलेली दोघं आहेत. एक रोह्याचा, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा. दुसरी पेणची, रोज ठाण्याला नोकरीसाठी जाणारी. एखाद्या छोट्या स्वतंत्र लेबलचं संकलन येणार असं कळलं की या दोघांच्या घरी सण असतो. संगीत ऐकण्याआधीच यादी वाचून होते. कुठला ट्रॅक कोणाचा, तो माणूस कुठल्या शहरातला, मास्टरिंग कोणी केलं, मुखपृष्ठ कोणी काढलं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनी घेते आणि बाकीचा, पैसे फिरवण्याचा खर्च वजा जाता, कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातो. २० मार्च २०२० रोजी, जग घरात बसलं होतं तेव्हा, त्या कंपनीने एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला आणि पुढे असे शुक्रवार ठरवून पाळले. माझी पेणची मैत्रीण अजूनही खरेदी त्या शुक्रवारसाठी राखून ठेवते. आपले पैसे कोणाच्या हातात पडतात हे तिला ठाऊक असतं. रोह्याचा मित्र दिवा गाडीत हेडफोन लावून एकच संकलन जाता-येता ऐकतो आणि तिसऱ्या दिवशी फोन करून सांगतो, “सातवा ट्रॅक ऐक. हा माणूस कोण आहे ते शोधायला पाहिजे.”

मराठी वाचकाला हा उत्साह परका वाटू नये. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दुसरं काय करत आलो आहोत? ओळखीच्या एका नावासाठी अंक घ्यायचा आणि अनोळखी चार नावं घेऊन उठायचं. टेक्नोचं संकलन हा त्या संगीताचा दिवाळी अंक आहे. त्यात अनुक्रमणिका असते, आणि नवा माणूस त्या अनुक्रमणिकेतूनच आत येतो.

टेक्नोला त्याचं नावसुद्धा संकलनानेच दिलं. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघं ऐंशीच्या दशकात यंत्रांवर संगीत करत होते. त्या वेळी ते शिकागोच्या ‘हाउस’चं भावंड मानलं जाई. १९८८ मध्ये नील रश्टन या इंग्रजाने डेरिक मेच्या साथीने डेट्रॉइटच्या ट्रॅकांचं एक संकलन इंग्लंडमध्ये काढलं. त्याचं नावही हाउसवरूनच ठेवायचं घाटत होतं. अ‍ॅटकिन्सने दिलेल्या ट्रॅकच्या नावात ‘टेक्नो’ हा शब्द होता, तो उचलला गेला आणि संकलन ‘टेक्नो! द न्यू डान्स साऊंड ऑफ डेट्रॉइट’ या नावाने बाहेर पडलं. संगीत आधीपासून होतं. पण त्या एका तबकडीमुळे जगाला कळलं की हे वेगळं आहे, अमुक गावचं आहे आणि अमुक माणसांनी केलेलं आहे.

आपल्याकडची उदाहरणं याहून बोलकी आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला. त्यामागे पखवाज शिकलेल्या गीता साराभाई होत्या. तिथे गीताबाईंनी, अतुल देसाईंनी, आय. एस. माथुर यांनी, जिनराज जोशीपुरांनी फितींवर काम केलं, आणि त्या फिती कपाटात गेल्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या, ऐकल्या, आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हे संकलन आलं. पन्नास वर्षांनी त्या माणसांची नावं श्रोत्यांच्या तोंडी आली. माझ्या पेणच्या मैत्रिणीला ती क्रिकेटच्या संघासारखी पाठ आहेत.

मुंबईच्या चरणजित सिंग यांचं तसंच. सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेल्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, आणि भैरव, ललत, भूप, तोडीपासून मालकंस, बैरागीपर्यंत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले श्रोते थक्क झाले, कारण तशाच टीबी-३०३ मधून शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ निघालं ते १९८७ मध्ये. सिंग यांना म्हातारपणी परदेशातल्या महोत्सवांत वाजवायला मिळालं; २०१५ मध्ये ते गेले. इथे मला चाहत्यांशी भांडायचं आहे. अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला असं जे उत्साहाने सांगितलं जातं, ते खरं नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काहीच पुरावा नाही. साम्य म्हणजे वंश नव्हे. आणि तसं म्हटल्याने सिंग यांचं खरं काम झाकलं जातं: यंत्राच्या ठरावीक आवर्तनात राग कसा चालवायचा, मींड कुठे घ्यायची, हा प्रश्न त्यांनी एकट्याने घेतला आणि दहा वेळा सोडवून दाखवला.

आता पेण-रोह्याकडे वळतो, कारण त्या यंत्रांचं नातं इथवर पोचतं. इथल्या लग्नात, साखरपुड्यात, गणपतीच्या मिरवणुकीत जी बेंजो पार्टी येते, तिच्याकडे संगीत म्हणून कान देऊन पाहा. बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, हे मुळात जपानी वाद्य. १९१२ साली नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचं भारतीय रूप. आपल्याकडे त्याला पिकअप लागला, अ‍ॅम्प्लिफायर लागला आणि त्याचा आवाज धारदार, थरथरता झाला. सोबत ऑक्टापॅड: रोलँडचाच, पहिला १९८५ चा. डेट्रॉइटच्या आणि मुंबईच्या त्या वादकांनी ज्या कंपनीची यंत्रं वापरली, तिचाच पॅड आपल्या नाक्यावर टेम्पोत उभा असतो. गायक नसतो. गाणं सगळ्यांना पाठ असल्यामुळे शब्दांची गरजच उरत नाही. शब्दांविना, यंत्र आणि हात मिळून तासन्‌तास चाललेलं नाचाचं संगीत. टेक्नोच्या एवढं जवळचं दुसरं काही महाराष्ट्रात असेल, असं मला वाटत नाही.

पण जवळचं म्हणजे तेच नव्हे, आणि हा फरक ठेक्यात आहे. टेक्नोचा किक, म्हणजे खालचा जाड ठोका, चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर पडतो. कोळीगीताचा ठेका सहाचा आहे, तीन-तीनच्या झोक्यांचा. म्हणून तर बायका फेर धरतात तेव्हा खांदे एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात. घरी संगणकावर, बहुधा एफएल स्टुडिओवर, मिक्स करणाऱ्या पोरासमोर पहिला खरा कलात्मक प्रश्न हाच उभा राहतो. चांगला करणारा काय करतो? तो किक सहामध्ये दोनदाच टाकतो, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि मधल्या जागा ऑक्टापॅडला मोकळ्या ठेवतो. पायाला सरळ चाल मिळते, खांद्याला झोका मिळतो. एकाच वेळी दोन नाच. मी रोह्याकडच्या एका हळदीत असा तुकडा ऐकला आहे, जिथे किक मधेच काढून घेतला आणि चार-सहा आवर्तनं फक्त ढोलकीचा आणि पॅडचा सहाचा झोका राहिला. मग किक परतला तेव्हा अख्खं अंगण एकदम खाली बसून उठलं. बर्लिनमधल्या कुठल्याही वादकाने हेवा करावा असं ते होतं. कोणी केलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

वाईट करणारा किक इतका फुगवतो की मधल्या मात्रा ऐकूच येत नाहीत. झोका मरतो, धक्का तेवढा उरतो. नॉनस्टॉपांत हे प्रमाण फार आहे, हे मला दुःखाने म्हणावं लागतं. एकच लूप, एकच ड्रॉप, आणि दर मिनिटाला डीजेच्या नावाचा तो आरडाओरडा. हे नाव कारागिराचं नव्हे, मालकीचं आहे. ते गाण्यावर शिक्क्यासारखं मारलेलं असतं. मूळ गायक, गीतकार, बेंजोवादक, पॅडवाला यांच्यापैकी एकाचाही त्यात उल्लेख नसतो. एका मिक्सच्या सुरुवातीला म्हाताऱ्या धवलारणीचा आवाज ऐकला. आगरी लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी ती बाई. तिच्या गळ्याशिवाय पूर्वी लग्न लागत नसे. दहा सेकंद तिचा आवाज, त्याच्यावर घुमारा चढवलेला, आणि मग किकखाली ती नाहीशी. आवाज अंगावर काटा आणणारा होता. ती कोण, कुठल्या गावची, तिने अजून काय काय गायलंय, हे त्या फायलीत कुठेच नव्हतं.

कायद्याने हे बरोबर नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकाराला आपल्या सादरीकरणाबरोबर आपली ओळख दिली जाण्याचा हक्क दिलेला आहे. पण इथे कोर्टात जाण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि मलाही तो मार्ग सुचवायचा नाही. पॅडवाला आणि डीजे एकाच गावचे, एकाच जेट्टीवरचे. सवय नाही, एवढंच कारण आहे. कॅसेटच्या काळात निदान वेष्टणावर गायकाचं आणि मंडळाचं नाव छापलं जाई, वादक तेव्हाही बाहेरच राहिले. कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं, आणि वेष्टणाबरोबर उरलेली नावंही गेली.

या संगीताची जाहीर चर्चा होते ती भाद्रपदात आणि फक्त आवाजाबद्दल. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी पक्की केली. ही मर्यादा मला मान्य आहे, मनापासून. छातीचं हाड हलवणं म्हणजे संगीत नव्हे. भिंतीएवढे बेस लावून जे साधत नाही ते चांगला वादक किक अर्धी मात्रा मागे ठेवून साधतो. माझी तक्रार वेगळी आहे. पोलीस, पत्रकार, आजारी शेजारी सगळे या संगीताबद्दल बोलतात; संगीत म्हणून त्याच्याबद्दल लिहिणारं कोणी नाही. नाट्यस्पर्धेतल्या एकांकिकेला समीक्षा मिळते, भजन स्पर्धेला परीक्षक असतात. पाच-सहा वर्षं रात्री जागून हात तयार केलेल्या पॅडवाल्याला “मस्त वाजवलं” एवढंच मिळतं.

उलट बाजूही सांगायला हवी. शहरातलं स्वतंत्र टेक्नो सगळंच हेवा करण्यासारखं आहे असं नाही. दिल्लीच्या किल्ला रेकॉर्ड्ससारख्या लेबलांनी चिकाटीने काम केलं, नवी माणसं पुढे आणली. पण इथल्या कितीतरी ट्रॅकांत हवामानच नसतं. डोळे मिटून ऐकलं तर ते बर्लिनचं की बंगळुरूचं, सांगता येत नाही. अगदी शेजारच्या गोव्यात, हणजुणेच्या किनाऱ्यावर, ऐंशी-नव्वदच्या दशकांत एक आख्खी शैली वाढली. उन्हात रेकॉर्ड वाकतात म्हणून तिथले डीजे फितींवरून वाजवत. ‘गोवा ट्रान्स’ या नावाची संकलनं जगभर गेली, पण त्यांत गोवेकरांची नावं शोधावी लागतात. गावाचं नाव लागलं, गावची माणसं बाहेर राहिली. पेण-रोह्याचं संकलन कधी निघालं तर ते असं निघू नये.

ते निघावं असं मला फार वाटतं, आणि त्यात काय हवं हेही डोक्यात आहे. रोहे-माणगाव पट्ट्यातल्या खालूबाजाची सनई आणि ढोल, जसाच्या तसा, एक आख्खा तुकडा. बेंजो पार्टीचं चालतं ध्वनिमुद्रण, ज्यात टेम्पो पुढे सरकताना आवाज भिंतींवरून बदलत जातो. संगणकावर काम करणाऱ्यांचे तीन-चार नवे ट्रॅक, अट एकच: सहाचा झोका मोडायचा नाही. आणि त्या धवलारणीचा पूर्ण धवला, किकशिवाय, तिच्या नावासह, तिला विचारून, तिला तिचा वाटा देऊन.

रोह्याच्या मित्राने गेल्या मोसमापासून स्वतःपुरती सुरुवात केली आहे. पाळी संपली की तो हळदीला जातो, पार्टीवाल्यांशी बोलतो, परवानगी घेऊन मुद्रण करतो. मग तुकडे लावून पेनड्राइव्ह भरतो आणि त्याला वहीचा कागद गुंडाळून रबर लावतो. कागदावर बॉलपेनने लिहिलेलं असतं: बेंजो कोण, पॅड कोण, ढोल कोण, कुठलं गाव, कुठली तारीख. त्यातला एक मी हमरापूरच्या त्याच शेडमध्ये नेला. आखणी करणाऱ्याने कुंचला बाजूला ठेवला, हात पुसले तरी अंगठ्याचा रंग कागदाला लागलाच. त्याने यादी वरून खाली वाचली, तिसऱ्या ओळीशी थांबला, आणि पलीकडे मूर्ती घासणाऱ्या पोराला हाक मारून म्हणाला, “अरे, हा तर आपल्या जोह्याचा!”