उंच इमारतीचे दार

भीमजयंतीची वर्गणी गोळा करून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, फाटकावरच अडवतात. अकराव्या मजल्यावरच्या माणसाला भेटायचं तरी कसं?" आमच्या कर्वेनगरात जुन्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, त्यांपैकी एकाच्या फाटकावरून तो परतला होता. प्रश्न साधा आहे. पण वास्तुकलेवरील आपल्याकडच्या समीक्षेत त्याचे उत्तर सापडत नाही. ती समीक्षा इमारतीची उंची मोजते, दर्शनी भागाच्या रेषा पाहते, काचेचे कौतुक करते. घराच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकतो, हे मात्र ती विचारीत नाही. आपल्याला ते विचारावेच लागेल.

कर्वेनगरातले टॉवर ही नक्कल आहे. मूळ नमुना पाहायचा तर मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. तिथे अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतले अनेक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीने ढोबळमानाने असे ठरविले, की विकायला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळावा. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचविला. तो कागदावरच राहिला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली : वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही. गिरणीची जमीन तर बहुतेक शेडखालीच होती! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे टॉवरचा पहिला आराखडा वास्तुशिल्पकाराने काढलेला नाही. तो एका शब्दाच्या अर्थाने काढला.

आता इमारतीकडे पाहू. श्रीनिवास मिलच्या जागेवर सुमारे २८० मीटर उंचीचा निवासी टॉवर उभा आहे. अशा इमारतींची रचना साधारण सारखीच असते. तळाशी मोटारींचे मजले, त्यांच्या डोक्यावर बाग आणि पोहण्याचा तलाव, त्याच्याही वर घरे. रस्त्याच्या पातळीवर भिंत, फाटक आणि पहारेकरी. माणसाचा रस्त्याशी जो संबंध असतो तो इथे जाणूनबुजून तोडला आहे. अनेक इमारतींत घरकाम करणाऱ्या बायांची लिफ्ट वेगळी, आणि घरात त्यांचा संडास मागच्या जिन्याकडे उघडणारा. याला आराखड्याच्या भाषेत सोय म्हणतात. आपण गावकूस पाहिलेली माणसे आहोत. ही सोय आपल्याला ओळखू येते. गावकूस आडवी होती, ही उभी आहे, एवढाच फरक.

फिनिक्स मिलचे धुराडे मॉलमध्ये जपून ठेवले आहे. धूर नाही, भोंगा नाही, कामगार नाही; शोभा तेवढी राहिली. लोअर परळला तर दलालांनी 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली. ज्यांना परळ हे नावही अंगाला लागू द्यायचे नाही, त्यांच्या घरांची रचना याहून वेगळी कशी असेल?

मात्र इथे एक सावधगिरी हवी. टॉवरवर टीका करणारे पुष्कळ मध्यमवर्गीय लेखक चाळीच्या आठवणींनी गहिवरतात. चाळीचा गोडवा आपण त्यांच्या सुरात गाऊ नये. गिरणीच्या आतही जात होती. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. वरळीच्या बीडीडी चाळींत १९७४ साली दंगल पेटली, आणि त्याच जानेवारीत परळच्या मोर्चावर वरून आलेल्या दगडाने भागवत जाधव मारला गेला. उंचीचा असाही उपयोग होतो, हे आपण विसरलेलो नाही. शिवाय सामाईक संडासापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला चाळीचे काव्य ऐकवणे हा क्रूरपणा आहे.

तरीही चाळीत एक गोष्ट होती. जिना रस्त्यावर उघडत होता आणि गॅलरी प्रत्येक दारावरून जात होती. कार्यकर्त्याला कोणाची परवानगी लागत नसे. पोयबावडीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहून बाबासाहेबांनी महाडचा लढा चालविला. त्या खोल्यांपर्यंत गावाकडून आलेला कोणीही माणूस पोहोचू शकत होता. चळवळ पुस्तकांनी वाढते तशी जिन्यांनीही वाढते.

म्हणून उंची हा दोष नव्हे. कोरियांच्याच १९८३ च्या 'कांचनजंगा' इमारतीने दाखविले, की टॉवरलाही वारा आणि सावली कळू शकते. ती इमारत श्रीमंतांची होती, हा भाग वेगळा. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना आता ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. घरात स्वतःचा संडास येणे ही सामाजिक क्रांतीइतकीच मोठी गोष्ट आहे, आणि तिचे स्वागत झालेच पाहिजे. पण त्याच सालात जुन्या गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीची वाट दाखविली जात होती. ज्यांच्या घामावर जमिनीची किंमत वाढली, ते शहराबाहेर. गावकुसाचा न्याय याहून निराळा होता काय?

तेव्हा आपल्या समीक्षेचे निकष आपणच ठरविले पाहिजेत. कोणत्याही निवासी इमारतीपुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. हिच्या जमिनीवर आधी कोण राबले, आणि ते आज कुठे राहतात? हिच्यात काम करणारी बाई कोणत्या दाराने आत जाते? आणि चौदा एप्रिलला वर्गणीचे पुस्तक घेऊन आलेले पोर कोणत्या मजल्यापर्यंत पोहोचते? वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी हे प्रश्न आपल्या आराखड्याच्या कागदावर लिहून ठेवावेत.

माझ्या विद्यार्थ्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच फाटकावर गेलो आणि वहीत नाव, गाव, काम लिहून आत शिरलो. अकराव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकवीस रुपये दिले आणि पावती दाराच्या फटीतूनच घेतली. परतताना पहारेकऱ्याने हळूच दहाची नोट पुढे केली आणि म्हणाला, "माझीही पावती फाडा."