बापाचं नाव आणि बांधाचं भांडण : अरुण खोपकरांचे चित्रपट

तुळजापूरपासून परंड्यापर्यंत कुठंही जा, एक गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. बांधावरून भांडण, मग वकील, मग तारखा. माणूस जातो, तारीख राहते. म्हणून खोपकरांवर बोलताना मी ‘कथा दोन गणपतरावांची’ (१९९६) पासूनच सुरुवात करतो.

मूळ कथा गोगोलची, १८३४ची. दोन जिवलग शेजारी एका जुन्या बंदुकीवरून अडतात. एक जण दुसऱ्याला पक्ष्याचं नाव घेऊन हिणवतो, आणि दावा म्हातारपणापर्यंत चालतो. खोपकरांनी ती मराठी मातीत आणली. दिलीप प्रभावळकर आणि मोहन आगाशे यांना समोरासमोर उभं केलं. आता बघा, भांडणाचं कारण क्षुल्लक आहे, ते कोणत्याही गावात बदलता येतं. बदलत नाही तो अहंकार. कारण कोणतं आणि निमित्त कोणतं, हा भेद ज्याला कळला त्यालाच रूपांतर जमतं. नुसती नावं बदलणं म्हणजे रूपांतर नव्हे.

आता माहितीपट. ‘फिगर्स ऑफ थॉट’मध्ये भूपेन खख्खर, नलिनी मलानी, विवान सुंदरम, ‘संचारी’मध्ये भरतनाट्यम, ‘कलर्स ऑफ अ‍ॅब्सेन्स’मध्ये जहांगीर सबावाला. आणि मग २००२चा ‘नारायण गंगाराम सुर्वे’, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शीर्षक नीट वाचा. नुसतं ‘नारायण सुर्वे’ का नाही? सापडलेलं तान्हं पोर घरी नेणारा गिरणी कामगार म्हणजे गंगाराम. ते मधलं नाव रक्ताचं नाही, माणुसकीचं आहे. अर्धा चित्रपट त्या एका शब्दात आहे.

यात सुर्वे स्वतः आहेत, आणि सुर्व्यांची भूमिका करणारे कवी-नट किशोर कदमही आहेत. कुणी विचारेल, मग हा माहितीपट कसा? मी म्हणतो, ते पोर उचललं गेलं तेव्हा तिथं कॅमेरा नव्हता. आठवणीला छायाचित्र नसतं. नट उघडपणे नट म्हणून आला तर त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती लपवण्यात.

माझी एक तक्रार आहे, ती सांगतोच. खोपकर प्रेक्षकाची नजर तयार आहे असं धरून चालतात. आमच्याकडचा मुलगा ज्यानं कधी मूळ चित्र पाहिलेलं नाही, तो सबावालांवरच्या चित्रपटाच्या उंबरठ्यावरच थांबतो. पण न्यायानं बोलायचं तर त्याच मुलासाठी त्यांनी मराठीत लिहिलंही : ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’, आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं ‘चलत्-चित्रव्यूह’. उंबरठा त्यांनी उंच ठेवला खरा, पण पायरीही त्यांनीच बांधली.

तेव्हा विनंती एवढीच. दोन गणपतराव इथल्या कॉलेजात एकदा दाखवा. दिवे लागले की लगेच उठू नका. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो शेजारी सभागृहात कुठं बसलाय, तेवढं बघा.