लंडनमधला विद्यार्थी आणि आईचा शब्द

'सत्याचे प्रयोग' हे पुस्तक आम्ही प्रथम सेमिनरीत वाचले ते परीक्षेपुरते. गेल्या उन्हाळ्यात ते पुन्हा हाती घेतले, त्याला एक निमित्त घडले. त्याविषयी पुढे येईलच. या वेळी आम्ही संपूर्ण ग्रंथाचा विचार न करता केवळ पहिल्या भागाच्या उत्तरार्धातील लंडनची प्रकरणे पुनःपुन्हा वाचली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोटीत बसलेला, एकोणिसावे वर्ष पुरे व्हायला महिना बाकी असलेला एक तरुण जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतीला निघतो, एवढीच ती हकीकत. आज आपल्या प्रत्येक धर्मग्रामातून मुले-मुली कॅनडाला, आयर्लंडला, जर्मनीला शिकायला जात आहेत. या प्रकरणांकडे आता नव्या नजरेने पाहावयास हवे, असे आम्हास वाटते.

ही प्रकरणे विद्यार्थ्याने लिहिलेली नाहीत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. १९२५ पासून 'नवजीवन'मधून ही आत्मकथा क्रमशः येऊ लागली, तेव्हा लेखक छप्पन वर्षांचा होता. म्हणजे आमच्याच वयाचा एक गृहस्थ आपल्या विशीतल्या मुलाकडे पाहतो आहे. या अंतरामुळे लिखाणाला एक प्रसन्न विनोद लाभतो. साऊदॅम्पटनला पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात उतरलेला एकटाच प्रवासी, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, बॉण्ड स्ट्रीटवर दहा पौंडांना शिवलेला सूट, आरशासमोर रोज दहा मिनिटे चाललेली टायची झटापट, नृत्यवर्गाचे तीन पौंड, ताल कळेना म्हणून व्हायोलिनचे आणखी तीन! सुमारे तीन महिने चाललेल्या या 'साहेबी'चे वर्णन वाचताना हसू येते, परंतु त्यात कडवटपणा नाही. स्वतःच्या तरुणपणाची थट्टा करावी, पण त्याचा तिरस्कार करू नये, ही रीत फार थोड्या आत्मचरित्रकारांना साधली आहे.

मात्र या प्रकरणांचा खरा कणा म्हणजे आईला दिलेला शब्द. पुतळीबाईंना मुलाची धास्ती वाटत होती. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मद्य, मांस व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची शपथ घालविली, तेव्हाच त्या माउलीने परवानगी दिली. जातीने तर बहिष्कार घातला आणि निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरविला. लंडनमध्ये एक मित्र जेरेमी बेंथमचा ग्रंथ वाचून दाखवून अशी प्रतिज्ञा कशी निरर्थक आहे, हे पटवू पाहतो. हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये सूपात मांस आहे काय, असे वाढप्याला विचारल्याबद्दल तोच मित्र रागावतो. विद्यार्थी निमूटपणे बाहेर पडतो. शेजारचे शाकाहारी भोजनालय बंद असते, आणि त्या रात्री तो उपाशीच राहतो.

येथवर ही केवळ निग्रहाची कथा आहे, आणि प्रवचनात आम्ही ती तशीच सांगत आलो. पुढचे पान मात्र आम्ही नेहमी घाईने उलटले होते. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या भोजनालयात त्याला हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक एका शिलिंगला मिळते. ते वाचल्यावर, तोवर आईखातर पाळलेला नियम तो आपल्या बुद्धीने स्वीकारतो. त्याआधी पुढेमागे सर्व हिंदी लोकांनी मांस खावे, असेच त्याला वाटत होते. हे तो लपवीत नाही. शपथेने त्याला तग धरायला लावले. पण घर सोडून आलेल्या मुलाला आपले असे काही मिळाले, ते त्या भोजनालयात.

पुढे प्रश्न उभा राहतो अंड्यांचा. अंडे म्हणजे मांस नव्हे, असे तिथले काही शाकाहारी सांगतात. तोही काही दिवस अंडी खातो. मग त्याच्या लक्षात येते, की शब्द देताना घेणाराने जो अर्थ धरला, तोच अर्थ बंधनकारक. आईच्या लेखी अंडे मांसातच मोडत होते. नीतिशास्त्राच्या तासाला शपथेचा अर्थ, हेतू व मर्यादा यांवर आम्ही पुष्कळ लॅटिन घोकले. पण तेथे 'आईचा अर्थ' अशी संज्ञा नव्हती.

आता ते निमित्त. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा परदेशी शिकायला निघाला. आईवडिलांच्या आग्रहावरून आम्ही वेदीसमोर त्याच्याकडून एकही रविवारची मिस्सा न चुकविण्याचा शब्द घेतला. पहिल्या वर्षी पत्रे आली, मग थांबली. गेल्या वर्षी तो सुटीवर आला, पण आम्हाला भेटायला आला नाही. आईकरवी समजले, की रविवारी त्याला कामाची पाळी असे आणि शब्द मोडल्यामुळे तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती. आम्ही बेचरजी स्वामींची भूमिका घेतली खरी. परंतु त्याला फॅरिंग्डन स्ट्रीट कुठे सापडेल, याची चौकशी केली नाही. तिथला एखादा धर्मगुरू, एखादे कुटुंब, एखादा पत्ता आम्ही त्याच्या हाती ठेवला नव्हता.

असो. साहित्यगुणांच्या दृष्टीने आमच्या मते या भागातील सर्वोत्तम प्रकरण नारायण हेमचंद्रांवरचे आहे. चुरगळलेला तपकिरी कोट, गळ्यात ना कॉलर ना टाय, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी, इंग्रजी तोडकेमोडके आणि जगातल्या भाषा शिकण्याची हौस. एकदा हे गृहस्थ सदरा-धोतरात दारी आले, तेव्हा घरमालकीण घाबरून गेली! १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपात तासाला सहा पेन्सच्या मागणीवरून लंडन बंदर ठप्प झाले होते. ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी करून तडजोड घडवून आणली. त्यांचे अभिनंदन करायला हेमचंद्र निघाले आणि दुभाषी म्हणून सोबत नेले आपल्या विद्यार्थ्याला. विद्यार्थी भेटीचा खास सूट चढवून गेला. हेमचंद्र त्याच कोटात. कार्डिनलांनी थोडक्यात आशीर्वाद दिला, भेट संपली. लेखक येथे काहीच शिकवीत नाही. दोन पोशाख शेजारी उभे करतो आणि पुढे जातो. म्हणूनच हे प्रकरण मनात राहते.

उलट पॅरिसचे प्रकरण अर्धेमुर्धे वाटते. त्यात प्रदर्शनाचे साल १८९० दिले आहे. ते वस्तुतः १८८९ मध्ये भरले होते. आयफेल टॉवरवर जेवल्याचे सांगता यावे म्हणून सात शिलिंग उधळल्याची कबुली गमतीची आहे. पण नंतर टॉलस्टॉयचा हवाला देऊन मनोऱ्याची निंदा करण्यात ती गंमत विरते. नोत्र दामविषयी मात्र लेखकाचा सूर बदलतो. तेथे गुडघे टेकलेली माणसे पाहून, ही उपासना केवळ दगडाची असू शकत नाही, असे त्या वैष्णव विद्यार्थ्यास जाणवले. बायबलाचेही तसेच. उत्पत्तीच्या पुढची पुस्तके वाचताना त्याला झोप येई, 'गणना' तर मुळीच आवडले नाही. डोंगरावरील प्रवचन मात्र थेट हृदयाला भिडले. आम्ही यावर रागावत नाही. 'गणना' वाचताना सेमिनरीत आम्हालाही डुलकी लागत असे. गीतासुद्धा त्याने प्रथम वाचली ती लंडनमध्ये, इंग्रजीतून, हे त्याहून विचार करण्याजोगे.

आमची तक्रार वेगळी आहे. मागे राहिलेल्या कस्तुरबा आणि काही महिन्यांचा हरिलाल या पानांत जवळजवळ नाहीतच. विवाहित असल्याचे लपविल्याची कबुली आहे, एका वृद्ध बाईंना लिहिलेल्या पत्राची हकीकत आहे; पण ज्या पत्नीचे अस्तित्व लपविले, तिला काय वाटले असेल, हा प्रश्न लेखक विचारीत नाही. सत्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या ग्रंथात ही उणीव आम्हास खुपते.

आईविषयी मात्र तसे नाही. विद्यार्थी मुंबई बंदरात उतरतो, थोरला भाऊ न्यायला आलेला असतो. परदेशी एकट्याला धक्का बसू नये म्हणून आईच्या मृत्यूची बातमी त्याने दडवून ठेवलेली असते. ती आता कळते. तीन वर्षे ज्या अर्थाने शब्द पाळला, तो अर्थ जाणणारे माणूसच उरलेले नसते. लेखक चार-दोन वाक्यांत हे सांगतो. वडिलांच्या वेळेपेक्षा हे दुःख मोठे होते असे म्हणतो, अश्रू आवरल्याचे नोंदवितो, आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळतो.